घरातल्या कोपऱ्यात स्क्रोल सॉ: मशीन बसवण्यापासून नावाच्या पाटीपर्यंत

स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पात्यानं लाकडात नक्षी कापणारी विजेवरची करवत, घ्यावं का, असं विचारणाऱ्या बहुतेकांच्या मनात खरा प्रश्न वेगळाच असतो. दोन खोल्यांचा संसार, खाली-वर शेजारी, जागेची मारामार. अशा घरात हे चालेल का? चालेल. सुतारकामाच्या विजेवरच्या यंत्रांत घरात ठेवण्याजोगं आणि नवशिक्याच्या हाती द्यायला त्यातल्या त्यात बिनधोक यंत्र हेच आहे. ते टेबल सॉप्रमाणे लाकूड अंगावर भिरकावत नाही, लाकूड कोरणाऱ्या राउटरइतका कलकलाट करत नाही आणि वीज तर स्वयंपाकघरातल्या मिक्सरपेक्षाही कमी खातं. लहान मशीनची मोटर साधारण ९० ते १२० वॅटची असते.

तरीही हौसेनं आणलेली कितीतरी मशीनं महिन्याभरात माळ्यावर जातात. कारण ठरलेलं असतं. खोक्यातून काढलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं, बटण दाबलं. सगळं टेबल हादरायला लागलं, रेघेवरून पातं भलतीकडे गेलं, दोन-तीन पाती तुटली, आणि ‘स्वस्तातलं मशीन, दुसरं काय होणार’ असा निकाल लागला. दोष बहुतेक वेळा बसवण्याचा असतो. थरथर मारली आणि पातं काटकोनात उभं केलं, की साध्या मशीनवरही नेटकं काम होतं. म्हणून इथे नक्षीकामाआधी बैठकीवर जास्त वेळ घालवणार आहे.

आधी ओळख

हार्डवेअरच्या दुकानात ‘स्क्रोल सॉ’ मागितलं की पुष्कळदा हातात धरायचं जिगसॉ पुढे येतं. ते वेगळं. जिगसॉमध्ये लाकूड स्थिर असतं आणि मशीन फिरतं. स्क्रोल सॉमध्ये मशीन जागेवर असतं आणि आपण लाकूड फिरवतो. वरच्या आणि खालच्या अशा दोन भुजांमध्ये ५ इंचांचं, म्हणजे १२७ मिलिमीटरचं, बारीक पातं ताणून बसवलेलं असतं. ते साधारण पाऊण इंच वर-खाली होतं, मिनिटाला ४०० ते १६०० वेळा. पातं सुमारे एक मिलिमीटर रुंद असल्यानं जवळपास जागच्या जागी वळण घेता येतं. शिवाय पात्याचं एक टोक सोडवून, लाकडातल्या बारीक भोकातून ओवून पुन्हा अडकवता येतं. त्यामुळे बाहेरची कड न कापता आतला आकार काढता येतो. जाळीकाम, अक्षरं, कोड्याचे तुकडे हे सगळं यामुळेच शक्य होतं.

विकत घेताना

सगळ्यात आधी पातं कसं अडकतं ते पाहा. पाती दोन प्रकारची असतात. काहींच्या टोकांना आडवी पिन असते, काहींची टोकं सपाट असतात. पिनवाली पाती बसवायला सोपी म्हणून स्वस्त मशीनबरोबर तीच येतात. पण पिन जाण्यासाठी भोक जवळपास ५ मिलिमीटरचं पाडावं लागतं आणि एवढ्या भोकात ‘व’चं पोटच नाहीसं होतं. सपाट टोकाच्या पात्याला एक-दीड मिलिमीटरचं भोक पुरतं. त्यामुळे सपाट पाती धरणारा चिमटा मशीनला हवाच. दोन्ही प्रकार चालणारं मशीन मिळालं तर उत्तम. फक्त पिनवाल्या पात्यांचं मशीन कितीही सवलतीत मिळालं तरी घेऊ नका.

दुसरी गोष्ट वेग कमी-जास्त करणारं बटण. दोनच वेग असलेल्या मशीनवर पितळेचा पत्रा किंवा ॲक्रिलिक कापताना पंचाईत होते, ॲक्रिलिक तर वितळून मागे पुन्हा चिकटतं.

तिसरी गोष्ट घशाची खोली, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर. सुरुवातीच्या मशीनमध्ये ते १६ इंच, म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटर असतं. घरच्या कामाला ते भरपूर झालं. २० इंचांचा मोह लहान जागेत टाळलेला बरा.

अमेरिकेतल्या भाऊ-बहिणीकडून मशीन मागवायचा बेत असेल, तर थोडं थांबा. तिथे लोकप्रिय असलेलं डीवॉल्टचं डीडब्ल्यू ७८८ हे १२० व्होल्टवर चालतं आणि त्याचं वजन २५ किलोच्या वर आहे. २३ किलोंच्या बॅगेत ते बसायचं नाही, आणि बसलं तरी इथे २३० व्होल्टचे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. काही मशीनच्या मोटरी ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेल्या इंडक्शन प्रकारच्या असतात. आपल्या ५० हर्ट्झवर त्या हळू फिरतात आणि जास्त तापतात. एवढा खटाटोप करण्यापेक्षा इथे मिळणारं २३० व्होल्टचं मशीन घ्या आणि उरलेले पैसे पात्यांवर घाला.

जागा

गॅलरी की खोली? गॅलरीचा फायदा म्हणजे भुसा घरात येत नाही. तोटे बरेच आहेत: पावसाची झड, वाळत घातलेले कपडे आणि कबुतरं. मशीनचं टेबल बिडाचं असेल तर कोकणात किंवा मुंबईत जुलैच्या एका आठवड्यात त्यावर तांबूस थर चढतो. गॅलरी बंदिस्त असेल तरच मशीन तिथे कायमचं ठेवा. नाहीतर खोलीतला खिडकीजवळचा कोपरा बरा. सव्वा मीटर बाय सव्वा मीटर जागा पुरते, मात्र मशीनच्या दोन्ही बाजूंना लाकूड फिरवायला मोकळीक हवी. भिंतीला खेटून ठेवलं की लांब पट्टी फिरवताना भिंतीवर आपटते.

उजेड डावीकडून यावा, आणि पात्याजवळ मान वळवता येणारा एक छोटा दिवा हवाच. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये पात्याची सावली नेमकी रेघेवर पडते.

थरथर कशी मारायची

मिनिटाला १२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २०. दर सेकंदाला वीस वेळा भुजा एकदा वर आणि एकदा खाली धक्का देतात. हा धक्का पचवायला वजन लागतं. मशीन हलकं असेल तर ते वजन आपण पुरवायचं. नियम असा: मशीन आणि स्टँड यांची गाठ घट्ट, स्टँड आणि जमीन यांच्यामध्ये मऊ थर. नवशिके नेमकं उलटं करतात. मशीनखाली फोमचा जाड तुकडा घालतात, मग ते त्यावर डोलत बसतं आणि रेघ सरळ येत नाही.

स्टँड विकत घेण्याची गरज नाही. जुन्या पायमशीनचा, म्हणजे शिलाई मशीनचा, बिडाचा सांगाडा भंगारवाल्याकडे मिळाला तर सोडू नका. तो जड असतो आणि त्याचे पाय पसरट असतात. त्यावर १८ किंवा २५ मिलिमीटर जाडीची फळी बसवा आणि फळीवर मशीन. ते नसेल तर लाकडी चौकट करून घ्या आणि खालच्या बाजूला एक कप्पा ठेवा. त्या कप्प्यात कडप्प्याचा तुकडा टाका. स्वयंपाकाचा ओटा करणाऱ्यांकडे असे तुकडे पडलेले असतात. दोन फूट बाय दीड फूट, २० मिलिमीटर जाडीचा तुकडा १५ किलोच्या आसपास भरतो. तो कप्प्यात नुसता ठेवून चालत नाही, थरथरीनं वाजतो. खाली जुन्या सतरंजीचा तुकडा घाला आणि कडेनं पट्ट्या ठोकून अडकवा. कडप्प्याला भोकं पाडून मशीन थेट त्यावर बसवायच्या भानगडीत पडू नका, दगड कडेला तडकतो. वाळूचं अर्धं पोतंही चालतं, पण ते कधीतरी फाटतं आणि भुश्यात वाळू मिसळली की झाडता झाडता पुरेवाट होते.

मशीनच्या पायाला चार भोकं दिलेली असतात. चारही ठिकाणी ८ मिलिमीटरचे बोल्ट, मोठे वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) लावा. साधा नट थरथरीनं आठवड्यात सैल होतो. स्टँडच्या पायांखाली वॉशिंग मशीनखाली घालतात ते रबरी पॅड घाला. जुन्या घरांत शहाबादी फरशी असते आणि ती क्वचितच सपाट असते. तिथे चार पायांचं स्टँड डुगडुगतं, तीन पायांचं मात्र कुठेही टेकतं. नव्यानं बनवणार असाल तर तिपाईचा विचार करा.

सगळं बसल्यावर वेग हळूहळू वाढवत न्या. एखाद्या टप्प्यावर मशीन अचानक जास्त हादरेल आणि पुढे पुन्हा शांत होईल. प्रत्येक मशीनचा असा एक अडचणीचा वेग असतो. बटणावर पेन्सिलनं खूण करा आणि काम त्या खुणेच्या अलीकडे किंवा पलीकडे करा.

एवढं केल्यावर खालच्या मजल्यावर जाणारा आवाज बराच कमी होतो. बराच, पूर्ण नाही. पुण्यात राहत असाल तर दुपारी एक ते चार मशीन बंद ठेवण्याचं कारण वेगळं सांगायला नको.

उंची

उंची चुकली की अर्ध्या तासात मान आखडते आणि मग कंटाळा येतो. बसून काम करणार असाल तर नेहमीच्या खुर्चीत बसा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजा. त्यातून मशीनच्या पायापासून त्याच्या टेबलापर्यंतची उंची वजा करा. उरली ती स्टँडची उंची. समजा कोपर ६८ सेंटिमीटरवर आहे आणि मशीनचं टेबल १७ सेंटिमीटर उंच आहे, तर स्टँड ५१ सेंटिमीटरचं हवं. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर असतं. त्यावर मशीन ठेवलं की खांदे का दुखतात, ते या हिशेबातून कळेल. शिलाई मशीनचा सांगाडाही तेवढाच उंच असतो, तेव्हा त्याच्याबरोबर उंच स्टूल घ्या. उभ्यानं काम करणाऱ्याला साधारण ओट्याच्या उंचीचं स्टँड सोयीचं जातं.

वीज

साधा ६ अँपिअरचा तीन पिनांचा सॉकेट पुरतो, पण अर्थिंग खरोखर आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतं दिसायला असतं. वायर पायात येणार नाही अशी भिंतीच्या कडेनं न्या. पायानं दाबायचा स्विच मिळाला तर जरूर लावा. दोन्ही हात लाकडावर ठेवून मशीन थांबवता येतं आणि आतल्या कापाच्या वेळी सारखं बटणाकडे वाकावं लागत नाही. पातं बदलताना मात्र फूटस्विचवर भरवसा ठेवायचा नाही, प्लग काढायचा. पाय चुकून पडायला वेळ लागत नाही.

पातं: सगळं काम याच्याच जिवावर

पात्यांना क्रमांक असतात. २/० अगदी बारीक, मग १, ३, ५, ७, ९, १२ असं जाड होत जातं. सुरुवातीला तीनच ठेवा. ३ मिलिमीटरच्या प्लायला क्रमांक १, सहा ते बारा मिलिमीटरला क्रमांक ३, आणि १८ मिलिमीटरच्या सागाला क्रमांक ५ किंवा ७. स्पायरल पाती, म्हणजे पिळलेली, चारही बाजूंनी कापणारी, ऐकायला भारी वाटतात. पण सरळ रेघ त्यांना जमत नाही आणि काप खरबरीत येतो. सध्या त्यांच्या वाटेला जाऊ नका.

‘रिव्हर्स टूथ’ लिहिलेली पाती मिळाली तर तीच घ्या. त्यांचे खालचे काही दात उलटे, वरच्या दिशेनं असतात. त्यामुळे प्लायच्या खालच्या बाजूला कुसं निघत नाहीत आणि पॉलिशपेपर घासण्याचा वेळ वाचतो. स्वित्झर्लंडची पेगास आणि अमेरिकेची ओल्सन ही जुनी नावं आहेत, ऑनलाइन डझनाच्या हिशेबात मिळतात. झवेरी बाजारात सोनारांच्या हत्यारांच्या दुकानांत हातकरवतीची बारीक पाती मिळतात. लांबी साधारण तेवढीच आणि टोकं सपाट असल्यानं ती या मशीनला बसतात. पितळ-तांब्याच्या पातळ पत्र्याला ती छान, लाकडाला नाहीत. त्यांच्या दातांत भुसा अडकून लाकूड जळतं.

आता बसवणं. दात समोर, आपल्याकडे, आणि दातांची टोकं खाली. कळत नसेल तर पात्यावरून बोट हलकेच वरून खाली आणि खालून वर फिरवा. वर नेताना बोट अडकलं की पातं बरोबर आहे. नव्या पात्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो. तो टोकांवर राहिला की पातं चिमट्यातून सटकतं आणि ‘चिमटाच खराब’ म्हणून आपण दुकानदाराशी भांडतो. दोन्ही टोकं थिनरच्या बोळ्यानं पुसा. चिमट्याची आतली तोंडं २२० नंबरच्या पॉलिशपेपरनं एकदा घासा. आधी खालचं टोक अडकवा, मग वरचं. पकडीनं आवळू नका, बोटांनी घट्ट होईल तेवढं पुरे. पकड लावली की स्क्रूचे आटे जातात.

मग ताण. यंत्रावर आकडे छापलेले असतील, पण ते मनावर घेऊ नका. पातं बोटानं छेडून बघा. तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ, उंच आवाज आला तर ताण पुरेसा आहे. ‘ठब्’ असा बसका आवाज आला तर आणखी ताणा. दुसरी खूण म्हणजे पात्याला बाजूनं हलकं दाबल्यावर ते तीन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकू नये. बहुतेक नवशिके भीतीनं पातं सैल ठेवतात. सैल पात्याचा काप पोटात फुगतो, म्हणजे वरून रेघ बरोबर आणि खालून भलतीकडे. पाती तुटतातही त्यामुळेच जास्त. काम संपल्यावर ताण सोडून ठेवा.

पातं वर-खाली करून समोरून पाहा. मशीन हातानंच फिरवा, बटण दाबू नका. मागे-पुढे किंचित हलणं ठीक आहे. डावी-उजवीकडे हलत असेल तर वरचा आणि खालचा चिमटा एका ओळंब्यात नाही, तो आधी सरळ करा.

काटकोन

मशीनच्या टेबलाखाली तिरकं करण्यासाठी अंशांची पट्टी असते. तिच्यावरचं शून्य बहुधा खोटं असतं. सुताराचा लहान गुण्या टेबलावर ठेवून पात्याला टेकवा आणि मागून उजेड येऊ द्या. फट दिसली की टेबल सरकवा.

गुण्या नसेल तर आणखी अचूक युक्ती आहे. ३५-४० मिलिमीटर जाडीच्या लाकडाच्या तुकड्याला कडेनं एक छोटी चीर पाडा, दोन-तीन मिलिमीटरच. मशीन बंद करा. तुकडा टेबलावरून न उचलता फिरवून पात्याच्या मागच्या बाजूला आणा आणि तीच चीर पात्यात सरकवून बघा. अलगद गेली तर काटकोन पक्का. वर किंवा खाली अडली तर टेबल तिरकं आहे. तुकडा उलट बाजूनं आल्यामुळे चूक दुप्पट होऊन दिसते, म्हणून अर्ध्या अंशाचा फरकही लपत नाही. खूण सापडली की जुनी पट्टी विसरा आणि मार्करनं आपलं शून्य आखा.

टेबलाच्या मधलं भोक सहसा मोठं असतं आणि बारीक तुकडे त्यातून खाली पडतात. मुदत संपलेलं प्लास्टिकचं एखादं कार्ड घ्या, मध्ये दीड मिलिमीटरचं भोक पाडा, पातं त्यातून ओवा आणि कार्ड टेबलाला टेपनं चिकटवा.

भुसा आणि अंगावरची काळजी

स्क्रोल सॉचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि तोच घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ १९९५ मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. रोज आठ तास कारखान्यात काम करणाऱ्याइतका धोका हौशी माणसाला नाही, पण एन ९५ मास्क लावायला काही कष्ट पडत नाहीत. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा चिकटद्रव्यात दाबून केलेला बोर्ड, घरात कापूच नये, असं माझं मत आहे. त्याची धूळ दिवसभर हवेत तरंगते आणि त्यातल्या फॉर्मल्डिहाइडच्या चिकटद्रव्यानं डोळे चुरचुरतात. मशीनच्या खालच्या नळीला घरचा व्हॅक्यूम क्लीनर जोडा. आणि काम करताना डोक्यावरचा पंखा बंद ठेवा, तो सगळा भुसा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवतो.

डोळ्यांना चष्मा हवा. पातं तुटलं की वरचा तुकडा भुजेबरोबर वर-खाली होत राहतो, तेव्हा हात मागे घ्या आणि आधी मशीन बंद करा. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस, हातातला गोफ किंवा राखीचा दोरा, हे सगळं काढून किंवा बांधून बसा. बोटं पात्याच्या समोर नकोत, दोन्ही बाजूंना हवीत. लाकूड दाबून धरणारा पाय मशीनबरोबर येतो. अनुभवी लोक तो काढून टाकतात, कारण त्याखाली रेघ दिसत नाही. सुरुवातीला ठेवा, लाकडाला जेमतेम टेकेल एवढाच खाली आणा आणि लाकूड उडू न देण्याचा हात बसला की काढा.

लाकूड

पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन आठ बाय चारचा पूर्ण प्लाय आणायची गरज नाही. फर्निचरचं काम चालू असलेल्या घरी सुताराला विचारा, ६ आणि १२ मिलिमीटरचे तुकडे आनंदानं देईल. तुकड्याची कड मात्र पाहून घ्या. स्वस्त प्लायच्या आतल्या थरांत पोकळ्या असतात आणि अक्षराची मात्रा नेमकी पोकळीवर आली की हातात तुकडा येतो. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छापलेला मरीन प्लाय भरीव असतो, पण त्यातल्या चिकटद्रव्यानं पाती लवकर बोथट होतात.

भरीव लाकडात सरावासाठी शिवण उत्तम. हलकी, सरळ रेषांची आणि पात्याला मऊ. सावंतवाडीच्या चितार आळीतल्या खेळण्यांसाठी पूर्वापार पांगारा वापरत, तोही असाच हलका. साग कापायला छान आणि दिसायला देखणा, मात्र त्याच्या धुळीनं काहींना खाज सुटते. शिसम सध्या लांब ठेवा.

पहिले काप

लाकडावर आधी कागदी मास्किंग टेप लावा, त्यावर नमुन्याचा कागद ग्लूस्टिकनं चिकटवा आणि वरून पारदर्शक पॅकिंग टेप. खालची टेप असल्यानं शेवटी कागद सालीसकट निघतो, घासत बसावं लागत नाही. वरच्या टेपचा उपयोग वेगळाच आहे: पात्याला ती वंगणासारखी मदत करते आणि कडा काळ्या पडत नाहीत.

सरळ रेघ काढायला घ्या. पातं रेघ सोडून जरा उजवीकडे ओढ घेईल. मशीन बिघडलेलं नाही; पाती बनवताना दातांच्या एका बाजूला बारीक बुर, म्हणजे धातूची खरबरीत कड, राहते, ती बाजू जास्त कापते. त्यामुळे लाकूड किंचित तिरकं धरून सरकवावं लागतं. पाच-सहा पट्ट्या कापल्या की हाताला तो कोन आपोआप सापडतो. ढकलू नका. पातं मुख्यतः खाली जाताना कापतं, त्याला त्याचा वेळ द्या. पातं मागे वाकलेलं दिसलं की जोर जास्त होतोय.

मग लाट, मग शंखासारखं वळण, मग चौकोन. चौकोनाच्या कोपऱ्यात पुढे ढकलणं थांबवायचं, लाकूड केसभर मागे ओढून पात्याच्या गुळगुळीत पाठीवर टेकवायचं आणि जागच्या जागी गरकन फिरवायचं. हळू फिरवलं तर कोपरा गोल येतो.

पातं किती टिकतं? कठीण लाकडात अनेकदा अर्धा तासही नाही. रेघ धरायला जास्त जोर लागू लागला, कड तपकिरी दिसू लागली की पातं बदला. काटकसर दुसरीकडे करा.

नावाची पाटी

सराव झाला की दाराची पाटी करावीच. देवनागरी या मशीनसाठी सोयीची लिपी आहे. रोमन अक्षरं कापली की सुटी होतात आणि एकेक मोजून चिकटवावी लागतात. आपल्याकडे शिरोरेषा अख्ख्या शब्दाला एकत्र धरते. ‘ग’, ‘श’, ‘ण’ यांचे तर दोन भाग केवळ शिरोरेषेनंच जोडलेले असतात. म्हणून ती जाड ठेवा. ६० मिलिमीटर उंचीचं अक्षर असेल तर शिरोरेषा ८-९ मिलिमीटर आणि प्लाय ९ मिलिमीटरचा.

‘पाटील’ घेऊन बघू. इथे आतले काप दोनच: ‘प’चं पोट, आणि दीर्घ वेलांटीची कमान शिरोरेषेला टेकलेली असेल तर तिच्याखालची फट. दोन्ही ठिकाणी कोपऱ्याजवळ दीड मिलिमीटरचं भोक पाडा, ऐन रेघेवर नको. भोकाच्या खालच्या बाजूला उठलेली कुसं पटाशीनं खरवडा, नाहीतर लाकूड टेबलावर अडखळत सरकतं. आधी हे आतले काप उरकून घ्या, बाहेरची कड नंतर. भोवतीचं लाकूड शाबूत असेपर्यंत धरायला जागा असते. बाहेरून कापतानाही आधी खालच्या बाजूच्या फटी, म्हणजे ‘प’ आणि कान्यामधली वगैरे, काढा आणि शिरोरेषेची वरची कड अगदी शेवटी.

‘शिंदे’ जरा अवघड. अनुस्वार सुटा पडतो. तो वेलांटीला थोडा चिकटवून आखा, किंवा सरळ वेगळा कापून नंतर मागच्या फळीवर फेविकॉलनं बसवा. ‘दे’वरची मात्रा एकाच टोकानं टेकलेली असते, ती बुडाशी रुंद हवी. उकार-ऊकारांचंही तसंच. अशी नावं भरीव लाकडात करू नका, प्लायमध्येच करा. भरीव लाकडात रेषा आडव्या ठेवल्या की शिरोरेषा मजबूत होते, पण काने आणि दांड्या रेषेत तुटतात. उभ्या ठेवल्या की उलट. नाव आणि आडनाव दोन्ही हवं असेल तर शिरोरेषा मध्ये तुटते, तेव्हा दोन ओळी करा आणि मागे फळी द्या.

कापून झाल्यावर कडा बारीक कानशीनं साफ करा, मग १८०, २४० आणि ३२० नंबरचा पॉलिशपेपर. दार पावसाच्या झडीत येत असेल तर लाखेचं पॉलिश नको, पाणी लागलं की त्यावर पांढरे डाग उठतात. पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन-तीन हात द्या, कडांना एक जास्त, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनंच. पाटी भिंतीला चिकटवून लावू नका. स्क्रूमागे दोन-दोन वॉशर घालून थोडी फट ठेवा, म्हणजे भिंतीची ओल तिच्यात उतरत नाही.

मशीन आवरताना टेबल कोरड्या फडक्यानं पुसून त्यावर साधी मेणबत्ती घासा आणि फडक्यानं चकाकी आणा. लाकूडही सरकतं आणि गंजही लागत नाही. सिलिकॉनचा फवारा वापरू नका. तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. उरलेली पाती क्रमांकाप्रमाणे वेगळ्या नळ्यांत, प्रत्येकीत सिलिका जेलची एक पुडी टाकून, पावसाळ्याआधीच ठेवून द्या. पुड्या औषधाच्या बाटल्यांत आणि बुटांच्या खोक्यांत फुकट मिळतात.